दावणीत येणारा कारखान्याचा टाकाऊ माल : वैरण, पेंड, दूध आणि अंडी याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी आणि निपाणीकडच्या गोठ्यांवर जनावरं तपासत फिरताना हे प्रश्न सारखे कानावर येतात. कुणी दूध घालून परत जाताना विचारतं, कुणी रात्री फोटो पाठवून. तेच ते उत्तर दहांदा सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. शेवटाकडचे प्रश्न जरा अडचणीचे आहेत. एकाच गोष्टीची पुनरुक्ती नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. आमच्या गावात एकही कारखाना नाही. मग कारखान्याचं विष आमच्या म्हशीच्या पोटात जाईल कसं?

धुराड्यातून जाणार नाही, पोत्यातून जाईल. पेंड, कोंडा, मळी, चुनी, तेलाचा गाळ, खनिज मिश्रण, यातलं जवळजवळ सगळंच कुठल्या ना कुठल्या कारखान्याचा उरलेला माल असतं. त्यात गैर काहीच नाही. सरकीचं तेल काढल्यावर पेंड उरणार आणि ती जनावरालाच घालायची. घोटाळा होतो तो खाण्याचा उरलेला माल आणि फेकायचा उरलेला माल एकाच ट्रकमधून, एकाच पिंपातून, एकाच व्यापाऱ्याकडून यायला लागला की.

बाकीच्या वाटाही आहेत : सांडपाण्यावरचं गवत (प्रश्न ११), राख (प्रश्न १२), गोठ्यात पडलेली बॅटरी (प्रश्न ९). पण जगात आजवर जे मोठे अपघात झाले त्यातले बहुतेक पोत्यातूनच झाले.

२. पोटात गेलेलं सगळं दुधात उतरतं का?

नाही, आणि इथेच लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. प्रत्येक विषाचं बसायचं ठिकाण ठरलेलं आहे.

डायॉक्सिन (केबल, कचरा जाळताना तयार होणारं विष), पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं रसायन) आणि डीडीटी हे कीटकनाशक ही मंडळी चरबीत विरघळणारी. ती जनावराच्या चरबीत साठतात आणि चरबी जिथे जाते तिथे जातात, म्हणजे दुधातल्या फॅटमध्ये आणि अंड्याच्या पिवळ्या बलकात. शिसं हाडात मुरतं. कलेजी आणि मूत्रपिंडातही सापडतं आणि थोडं दुधात येतं. कॅडमियम मूत्रपिंड धरून बसतं, दुधात फारच कमी उतरतं. म्हणून म्हाताऱ्या जनावराचं मूत्रपिंड खाऊ नये असं मी सांगतो, मटणाबद्दल तसं सांगत नाही. फ्लोराइड हाडात आणि दातात जातं, दुधात नगण्य. पारा माशांच्या मांसात.

बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे काही कारखान्याचं विष नव्हे, पण प्रश्न ६ मध्ये ते कारखान्याच्या दारातून येतंय म्हणून इथे सांगतो. खाद्यातल्या बी-१ या प्रकाराचा साधारण १ ते ३ टक्के भाग दुधात एम-१ होऊन उतरतो, तोही एका दिवसाच्या आत. खाद्य बंद केलं की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं. डायॉक्सिनचं तसं नाही. ते माणसाच्या शरीरात निम्मं व्हायलाच सात ते अकरा वर्षं घेतं.

३. दूध चांगलं उकळलं की जातं ना?

जंतू जातात. यातलं काही जात नाही. उलट आटवलं तर पाणी उडतं आणि बाकीचं घट्ट होतं. पातेल्यातलं दूध आटवून कुंदा केला तर दुधातलं शिसंही कुंद्यात आलंच. तूप कढवलं तर फॅटमधली विषं तुपात गोळा होतात. अफ्लाटॉक्सिन मात्र दुधातल्या प्रथिनाला धरून राहतं, म्हणून ते पनीर-छेन्यात जास्त आणि तुपात कमी.

४. आमचं दूध रोज डेअरीत पास होतं. फॅट, डिग्री सगळं बरोबर. मग चिंता कसली?

संकलन केंद्रावरचं मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) बघतं, पाणी मिसळलंय का ते सांगतं. युरिया, सोडा, मीठ यांच्या चाचण्या असतात. शिसं त्याला दिसत नाही. भारतात दुधातल्या शिशाची मर्यादा किलोला ०.०२ मिलीग्रॅम आहे. इतकं बारीक मोजायला मोठ्या प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. डायॉक्सिन मोजणारी यंत्रं तर देशात मोजक्याच ठिकाणी आहेत आणि एका नमुन्याचा खर्च ऐकून माणूस गप्प बसतो.

उगाच घाबरवायचंही नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले, त्यातले सुमारे ९३ टक्के खायला सुरक्षित निघाले. जे असुरक्षित निघाले त्यात भेसळीचे फक्त १२ होते आणि अफ्लाटॉक्सिनचे ३६८. आपण वर्षानुवर्षं गवळ्याच्या कॅनमधलं पाणी शोधत बसलो आणि माल येत होता पेंडीच्या पोत्यातून.

५. गोचिडांना टीसीचं (विजेच्या ट्रान्सफॉर्मरचं) जुनं तेल लावतात, आमच्या आजोबांपासून चालत आलंय. त्याने काही होतं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय. एकदा तर विचारणाऱ्याच्या हातात तेलाची बाटली होती. काळपट, जरा घट्ट, रॉकेलसारखा वास. डिझेल मिसळून म्हशीच्या मानेला आणि कासेच्या मागे चोळलेलं. कासेच्या मागे! म्हशीने मान वळवून तेच चाटलेलंही स्पष्ट दिसत होतं.

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी असू शकतं. तापलं तरी पेटत नाही, वर्षानुवर्षं खराब होत नाही, म्हणून एके काळी ते जगभर वापरलं गेलं. खराब होत नाही हाच त्याचा गुण आणि हाच दोष. भारतात २०१६ च्या आदेशाने त्याचं उत्पादन आणि आयात बंद झाली आणि जुन्या उपकरणांतला वापर थांबवायला २०२५ अखेरची मुदत दिली गेली. प्रत्येक टीसीत ते असतंच असं नाही, पण बाटलीकडे बघून ते कळत नाही.

बेल्जियममध्ये १९९९ साली काय झालं ते ऐका. जानेवारीत जुनी चरबी आणि वापरलेलं तेल गोळा करून पशुखाद्याला पुरवणाऱ्या साखळीत असंच ट्रान्सफॉर्मरचं तेल मिसळलं गेलं. फार नाही, त्यात पीसीबी सुमारे ५० किलो आणि डायॉक्सिन अवघं एक ग्रॅम. ते सुमारे ५०० टन खाद्यात पसरलं आणि अडीच हजारांहून जास्त फार्मांवर पोचलं. सगळ्यात आधी कळलं ते कोंबड्यांना. अंडी घटली, उबवणीतली पिल्लं बाहेर येईनात. डायॉक्सिनचा शोध लागायला एप्रिल उजाडला, लोकांना कळायला मे संपत आला. दुकानांतली अंडी, कोंबड्या, लोणी, मांस उचलावं लागलं आणि जूनच्या निवडणुकीत सरकार पडलं.

तेव्हा गोचिडांसाठी दवाखान्यातून औषध घ्या. आणि हो, टीसीच्या तेलात भजी तळणारेही मी ऐकलेत. त्यांना काय सांगायचं!

६. इथेनॉलवाल्यांकडून निघणारी मक्याची पेंड (डीडीजीएस) स्वस्त मिळते. घालू का?

घाला, पण बघून. मका किंवा तांदूळ आंबवून त्यातल्या पिठूळ भागाची दारू, म्हणजे इथेनॉल करतात. उरतं ते प्रथिन, तेल आणि कोंडा. खाद्य म्हणून ते उत्तम आहे. पण पिठूळ भाग निघून गेल्यावर बाकी सगळं साधारण तिप्पट दाट होतं आणि त्यात बुरशीचं विषही आलं. मूळ मक्यात जितकं होतं त्याच्या सुमारे तिप्पट. इथेनॉलला बुरशी लागलेला मका चालतो, कारण विष इथेनॉलमध्ये जात नाही. ते तुमच्याकडे येतं.

बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मानकाप्रमाणे तयार पशुखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ किलोला २० मायक्रोग्रॅमच्या वर नको. व्यापाऱ्याकडे चाचणीचा कागद मागा. तो हसला तर पाच पोतीच घ्या आणि एकूण आंबवणाच्या (पेंड-कोंड्याच्या खुराकाच्या) थोड्याच भागात वापरा. रंग सोनेरी हवा. काळपट, करपट वासाचा माल जास्त तापवून वाळवलेला असतो, त्यातलं प्रथिन जनावराला लागत नाही.

वाळवण्यावरून आठवलं. आयर्लंडमध्ये २००८ च्या डिसेंबरात सगळं डुकराचं मांस बाजारातून परत मागवावं लागलं. खाद्याचा कच्चा माल म्हणजे बेकरीचे शिळे पाव आणि पीठ, त्यात काही दोष नव्हता. पण ते वाळवणाऱ्या भट्टीची ज्योत थेट मालावर लागत होती आणि भट्टीत जळणारं तेल पीसीबीवालं होतं. म्हणून पेंडीच्या गिरणीत गेलात तर वाळवायला काय जाळतात तेही नजरेखालून घाला.

७. पोत्यावर नक्की काय वाचायचं? सगळं कानडीत किंवा इंग्रजीत असतं.

पाच गोष्टी शोधा : बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, प्रथिनाचं प्रमाण आणि आयएसआयची खूण. खुणेवर ‘आयएस २०५२’ असा आकडा असतो, तो गोळी पेंडीच्या मानकाचा. कानडी येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला सांगा, त्याला येतं. बॅच नंबरचा तुकडा फाडून बिलासोबत ठेवा. हा तुकडा नसेल तर प्रश्न १७ मधलं काहीच करता येत नाही.

कायद्याची एक गंमत आहे. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, पण त्यातल्या ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. म्हणजे दूध तपासणारा अधिकारी पेंडीच्या दुकानात हक्काने शिरू शकत नाही. जानेवारी २०२० मध्ये प्राधिकरणाने आडवळणाने सांगितलं की दुभत्या जनावरांचं विकतचं खाद्य बीआयएस मानकाचंच हवं. मग अंमलाची तारीख पुढे ढकलली गेली. त्यामुळे सध्या तरी पोतं तुम्हीच वाचायचं.

रिकाम्या पोत्यांबद्दल दोन शब्द. कीटकनाशकाचं किंवा खताचं पोतं झटकून त्यात भुसा भरू नका. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९७३ साली एकाच कंपनीच्या दोन मालांची अदलाबदल झाली. एक गायींच्या खाद्यात मिसळायचा, दुसरा प्लास्टिक पेटू नये म्हणून घालायची पावडर. नावंही मिळतीजुळती होती. पुढे सुमारे ३०,००० जनावरं आणि १५ लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

८. दुकानदार म्हणतो, खताचं डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) आणि मिनरल मिक्श्चरचं डीसीपी एकच, फक्त भावात फरक. खरं का?

नाव एक, माल वेगळा. दोन्हीचा मूळ दगड तोच, रॉक फॉस्फेट. त्या दगडात फ्लोरीन असतं, अनेकदा कॅडमियमही. जनावरासाठी बनवताना फ्लोरीन काढून टाकतात, त्याचेच पैसे जास्त लागतात. खतासाठी काढायची गरज नसते.

फसलेल्या गोठ्यात काय दिसतं? दुभती गाय लवकर काही दाखवत नाही. दाखवतं ते वासरू. नव्या दातांवर खडूसारखे पांढरे, मग तपकिरी डाग. दात झिजतात, थंड पाणी पिताना ते तोंड मागे घेतं. मोठ्या जनावराच्या पायाच्या हाडावर गाठी येतात आणि ते लंगडतं. लोक त्याला वात समजून तेल चोळत बसतात. दात यायच्या वयातच डाग पडतात, त्यामुळे जनावर मोठं झाल्यावर सुरू झालेली बाधा दातात दिसणार नाही, फक्त हाडात दिसेल. दुधाची काळजी इथे कमी (प्रश्न २), पण अशा जनावराच्या हाडांचा चुरा परत खाद्यात जाता कामा नये.

९. म्हैस एकाएकी आंधळी झाली, भिंतीला डोकं लावून उभी राहते. पिसाळली का?

पिसाळण्याची शक्यता धरूनच वागा. तोंडात हात घालू नका आणि १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा. मग गोठ्यात नजर फिरवा. फुटकी बॅटरी दिसते का? ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची, सौर दिव्याची?

एका गोठ्यात मी असंच बघितलं. म्हैस दात करकरा वाजवत होती, कान फडफडवत होती, डोळ्यापुढे हात नेला तरी पापणी हलत नव्हती. घरचे लोक दोन दिवस कुत्रं चावल्याच्या गोष्टी करत होते. कोपऱ्यात पाचटाखाली बॅटरीचा डबा सापडला, झाकण फुटलेलं, आतल्या राखी पट्ट्या चाटून गुळगुळीत. शिशाचे क्षार चवीला गोडसर लागतात, जनावर मिठासारखं चाटत राहतं. जुन्या शिसेयुक्त रंगाचे पोपडे, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल यांनीही तेच होतं.

वेळेत कळलं तर औषध आहे. शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं इंजेक्शन आणि सोबत बी-१ जीवनसत्त्व. पण बरी झाली म्हणून दूध लगेच घरात घेऊ नका. ते प्रश्न १८ मध्ये.

१०. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीकडून फाउंड्रीची (ओतकामाच्या कारखान्याची) काळी वाळू फुकट मिळते. गोठ्यात, अंगणात टाकू का?

लोखंडाच्या ओतकामाची वाळू म्हणजे मुख्यतः वाळू, बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी. तिच्यात जड धातू तुलनेने कमी. पितळ आणि काशाच्या ओतकामाची वाळू मात्र वेगळी, तिच्यात शिसं, जस्त, तांबं असतं. ट्रकवाल्याला हा फरक माहीत नसतो आणि त्याला विचारून उपयोगही नाही. रस्त्याच्या भरावाला वापरा हवी तर, गोठ्यात आणि विहिरीजवळ नको.

दुसरा त्रास रोजचा आहे. त्या वाळूत छर्रे आणि तारेचे तुकडे असतात. जनावर चावून न बघता गिळतं. तार पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात अडकते आणि तिथून हृदयापर्यंत सरकते. चारा टाकायच्या जागेवर आठवड्याला एकदा चुंबक फिरवा. स्पीकरमधलं जुनं चुंबकही चालतं.

११. शहराच्या नाल्याच्या पाण्यावर आमचं गवत वर्षभर हिरवंगार असतं. ते घालावं की नाही?

बेळगावच्या बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतकऱ्यांचा हा प्रश्न नेहमीचा. पावसाळ्यात तेच पाणी भातात शिरतं ते वेगळंच दुखणं. गवत हिरवंगार दिसतं ते नत्रामुळे, म्हणजे माणसाच्या सांडपाण्यामुळे. नुसतं घरगुती सांडपाणी असेल तर मुख्य भीती जंतांची आणि नायट्रेटची. नाल्याला वर कुठे मुलामा देणारी, रंगाची, धातू धुणारी वर्कशॉप मिळत असतील तर गणित बदलतं.

धातू पाण्यातून वाहून जात नाहीत, काळ्या मातीला चिकटून बसतात आणि वर्षागणिक वाढतात. कॅडमियम मुळातून पानात सहज चढतं. शिसं फारसं चढत नाही, पण त्याची वाट दुसरी आहे : जनावर गवतासोबत माती खातं. चरणाऱ्या गायीच्या रोजच्या कोरड्या खाण्यात काही टक्के नुसती माती असते. म्हणून गवत मुळाशी न खरवडता हातभर वरून कापा आणि झटकून, धुऊन घाला. अशा शिवारात जनावर मोकळं सोडण्यापेक्षा कापून घातलेलं बरं. पालेभाजीपेक्षा ऊस किंवा फुलझाडं त्या जमिनीला शहाणी.

शंका असेल तर माती तपासा, पाणी नको. पाणी आजचं एक सांगेल आणि उद्याचं दुसरं. माती वीस वर्षांचा हिशोब ठेवते. नमुना कसा घ्यायचा ते बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्प आणि गोकाकजवळ तुक्कानट्टी इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत विचारा. मात्र साध्या माती परीक्षणात जड धातू नसतात, ते वेगळं लिहून मागावं लागतं.

१२. साखर कारखान्याची काळी राख वैरणीवर पडते. गुऱ्हाळाचा, वीटभट्टीचा धूरही असतो. कोणता जास्त वाईट?

काय जाळतात त्यावर आहे. नुसतं चिपाड जळत असेल तर राखेत मुख्यतः सिलिका आणि कोळसा. डोळ्यांना आणि वाळत घातलेल्या कपड्यांना त्रास, जनावराला थोडाच. गंजीवर ताडपत्री टाका. चुलवाणात टायर, चपला, प्लास्टिक गेलं की तो धूर वेगळा. वीटभट्टीची माती तापली की तिच्यातून फ्लोराइडही निघतं, अगदी शेजारच्या वैरणीवर ते बसतं (लक्षणं प्रश्न ८ मध्ये).

माझ्या मते यात सगळ्यात वाईट म्हणजे भंगारवाले तांब्यासाठी केबल जाळतात ते. वायरच्या आवरणातलं क्लोरीन आणि आतलं तांबं, दोन्ही मिळून डायॉक्सिन तयार व्हायला याहून सोयीची जागा नाही. आणि हे काम बहुतेक गावाबाहेरच्या गायरानावरच चालतं.

१३. गावठी कोंबडीचं अंडं तरी शुद्ध ना?

दुखरा प्रश्न आहे. स्वच्छ अंगणातलं असेल तर हो. पण मोकळी कोंबडी दिवसभर माती टोचते, किडे-गांडुळं खाते आणि तिचं शरीर चरबीतली विषं बलकातून बाहेर टाकतं. कचरा जाळायच्या जागेजवळ फिरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत पिंजऱ्यातल्या कोंबडीपेक्षा जास्त डायॉक्सिन सापडल्याचं बऱ्याच देशांत दिसलंय. राख परड्यात टाकायची आणि कोंबड्या त्याच राखेत धूळ अंघोळ करायच्या, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. लाकडाच्या राखेला हरकत नाही. कचऱ्याची राख तिथे नको.

१४. नदीचे मासे खावेत का?

पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतात. तीच पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा राजापूर बंधाऱ्यानंतर आपल्या चिकोडी भागात येते. मासे असे एकदम मरतात ते बहुतेकदा प्राणवायू संपल्यामुळे, जड धातूंमुळे नव्हे. तरी मेलेला, गुंगलेला मासा उचलू नये, आणि वाळवून कोंबड्यांना तर मुळीच घालू नये. जिवंत माशांत लहान मासा बरा. मोठा, दुसऱ्या माशांना खाणारा मासा पारा साठवत जातो.

१५. टॉक्सिन बाइंडर घातला की सगळं बांधलं जातं म्हणतात?

अफ्लाटॉक्सिन बऱ्यापैकी बांधलं जातं. शिसं, डायॉक्सिन, फ्लोराइड यांसाठी त्याचा भरवसा धरू नका. शिवाय स्वस्त बाइंडर म्हणजे माती, आणि ती कुठली माती ते विचारायला हवं. अमेरिकेत १९९७ मध्ये कोंबडीखाद्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेल्या खाणीतल्या चिकणमातीतच डायॉक्सिन निघालं. ते कुणी मिसळलेलं नव्हतं, मातीतच होतं.

१६. दूषित पाणी महाराष्ट्रातून येतं, म्हैस कर्नाटकात मरते. तक्रार कुणाकडे?

जिथे नुकसान झालं तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, म्हणजे कर्नाटकच्या मंडळाच्या बेळगावातल्या कार्यालयात. एक प्रत महाराष्ट्राच्या मंडळाला आणि एक केंद्रीय मंडळाला. दोन राज्यांच्या मंडळांतला वाद मिटवणं हे १९७४ च्या जल कायद्याने केंद्रीय मंडळाचं काम आहे. अर्ज कानडीत लिहून घ्या, मराठी प्रत जोडा. भाषेचा मुद्दा मलाही आहे, पण मेलेल्या म्हशीच्या कागदावर तो लढवत बसलात तर फाइल पुढे सरकत नाही. पोचपावती घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पीडीओलाही (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला) एक प्रत द्या.

भरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे, नुकसानीपासून पाच वर्षांच्या आत. कर्नाटक चेन्नईच्या खंडपीठाकडे येतं, महाराष्ट्र पुण्याच्या. म्हणजे कागलचा माणूस पुण्याला जाणार आणि हाकेच्या अंतरावरचा निपाणीकर चेन्नईला.

१७. संशय आला तर नमुना कसा ठेवायचा?

आधी ते खाद्य सगळ्या जनावरांना बंद करा, पण फेकू नका. चार-पाच पोत्यांतून मूठ मूठ घेऊन एकत्र करा, अर्धा किलो कागदी पिशवीत भरा. असे दोन वाटे करा, एक प्रयोगशाळेला, एक तुमच्याकडे. पिशवीवर तारीख, बॅच नंबर आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. दूध पाव लिटर स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. जनावर मेलं असेल तर सरकारी डॉक्टरकडून शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका. कलेजी, मूत्रपिंड आणि पोटातलं खाद्य असे वेगवेगळे नमुने घ्यायला सांगा. पिसाळण्याचा संशय असेल तर मेंदूचाही. विम्याला आणि हरित न्यायाधिकरणाला, दोन्हीकडे हाच कागद लागतो.

पुरात बुडालेल्या वैरणीचाही नमुना असाच ठेवा. २०१९ च्या पुरानंतर गाळ बसलेला कडबा झटकून घातल्याने पोटं फुगलेली जनावरं मी पाहिली. गाळात काय आहे हे वरून कळत नाही आणि बुरशी तर हमखास असते.

१८. जनावर बरं झालं. दूध कधीपासून घ्यायचं, आणि तोवरच्या दुधाचं काय करायचं?

अफ्लाटॉक्सिन असेल तर खाद्य बदलल्यावर आठवडाभर थांबलं तरी पुरे. शिशाला नियम नाही. काही आठवडे लागतात, कधी काही महिने. हाडात साठलेलं शिसं गाय व्यायला आली की परत रक्तात उतरतं, कारण तेव्हा शरीर हाडातलं कॅल्शियम काढत असतं. म्हणून त्या गायीचं दूध वेताला एकदा पुन्हा तपासा. डायॉक्सिन किंवा पीसीबीचा पक्का संशय असेल तर प्रयोगशाळेच्या कागदाशिवाय ते जनावर बाजारात नेऊ नका. ते विकणं म्हणजे ते दुसऱ्याच्या गोठ्यात नेऊन बांधणं.

तोवरचं दूध डेअरीत नको, कुत्र्याला नको, नाल्यात नको. विहिरीपासून आणि चाऱ्याच्या शेतापासून लांब खड्डा घेऊन त्यात ओता आणि माती लोटा. आणि वासराला तर अजिबात पाजू नका. बहुतेक जण तिथेच चुकतात. ‘माणसांना नको तर वासराला तरी,’ म्हणून त्याला सोडतात. चरबीत साठलेलं विष बाहेर टाकायची गायीची सगळ्यात मोठी वाट म्हणजे तिचं दूध, आणि ते सगळं त्या एकट्या वासरात जातं. त्याला दुसऱ्या गायीचं पाजा किंवा डेअरीतून दूध पावडर आणा.